मागच्या बाजूचं एस्टिमेट

शर्फूभाईंनी पैसे खाल्ले नाहीत. सौदीतल्या राबिघच्या आमच्या मराठी मंडळींत ज्यांनी ज्यांनी ते खाल्ल्याचं ऐकलं, त्यांनी ते माझ्याकडून ऐकलं, किंवा माझ्याकडून ऐकलेल्या माणसाकडून ऐकलं. त्यातले काही आता पुण्यात आहेत, काही मुंबईत, एकदोघे राहिलेही नाहीत. जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझंही वय झालं. नाशिकला सकाळी फिरायला निघालो की एखाद्या नव्या इमारतीपाशी मला अजून तो माणूस दिसल्यासारखा वाटतो, भिंतीला कान लावून उभा असलेला.

शर्फुद्दीन हे पूर्ण नाव. रायगडच्या किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनच्या बाजूचे. राबिघमध्ये घरांची डागडुजी करायची कामं घेत. आमच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये गळती झाली की तेच यायचे. गळती काढायला आलेला माणूस म्हणून त्यांना कोणी ओळखलं नसतं. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, मेंदीने तांबूस केलेले केस, अत्तराचा वास, आणि उजव्या हातात फिरोजाची जाड चांदीची अंगठी. चालू कामावर ते कधी खाली बसत नसत. शर्ट खराब होईल म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं असं, की बसलेल्या माणसाला घर फसवतं.

घरांवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. नव्या घरात शिरले की आधी बोलायचे नाहीत. नाक वर करून एकेका खोलीतून फिरायचे. मग अंगठीने भिंतीवर टकटक करायचे आणि ऐकायचे. नळाचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावायचे आणि थुंकायचे. "आधी नाक, मग टेप," असं त्यांचं ठरलेलं. मोजायची टेप त्यांच्याकडे होती, पण ती खिशातून निघायला अर्धा दिवस जायचा.

माणसांच्या बाबतीत मात्र ते उलटे होते. दुकानदार म्हणाला माल उद्या येईल, की त्यांच्या लेखी तो आलाच. मजूर म्हणाला पोटात दुखतंय, की त्याला घरी पाठवायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "शर्फूभाई, भिंतीला विचारता तेवढं माणसाला विचारत चला."

"भिंतीला विचारलं तर भिंतीला राग येत नाय, साहेब," ते म्हणाले.

थापा मात्र ते सढळ मारत, आणि हे आधीच सांगून टाकायला हवं. जेद्दाहच्या कुठल्याशा शहजाद्याच्या महालात त्यांनी न्हाणीघर बांधलं होतं, असं ते सांगत. कधी त्यात संगमरवर असायचा, कधी सोन्याचे नळ, आणि एकदा तर शहजाद्याने स्वतःच्या हाताने त्यांना कहवा ओतून दिला होता. टाईल्सच्या दुकानात माझी ओळख त्यांनी "जर्मनीतून आलेले मोठे कन्सल्टंट" अशी करून दिली. मी आयुष्यात जर्मनीला गेलेलो नाही. दुकानदाराने भाव उतरवला, आणि बाहेर येऊन शर्फूभाई म्हणाले, "साहेब, चेहरा जरा तसा ठेवायचा होता."

त्या वेळी मी हसलो होतो. नंतर हीच थाप मी त्यांच्याविरुद्ध धरली.

माझं काम तेलाच्या कारखान्यात एस्टिमेशनचं. एखादी दुरुस्ती करायची तर पाइप किती, माणसं किती, खर्च किती, हे ती सुरू होण्याआधी सांगायचं. आयुष्यभर तेच केलं. एक्सेलच्या शीटमध्ये आकडा नीट बसला की माझ्या दृष्टीने काम निम्मं झालेलं असायचं.

निवृत्तीला थोडा अवधी उरला असताना अबू नासिरने ते घर आमच्यासमोर ठेवलं. हा आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला सौदी सहकारी, सरळ माणूस. शर्फूभाईंचा कफीलही तोच, म्हणजे त्यांचा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, त्याच्या जबाबदारीवर चालायचा. गावाच्या जुन्या भागात त्याचं एक जुनं घर होतं, आणि त्याने स्वतःसाठी नवीन बांधायला काढलं होतं. त्याचं म्हणणं होतं की घराची आजची किंमत आपण आत्ताच ठरवू. दुरुस्तीचे पैसे मुहंदिसने, म्हणजे इंजिनियरने, म्हणजे मी, घालायचे. काम शर्फूने करायचं. विकून जे वर उरेल त्याचे तीन भाग. कागद नाही, सगळं तोंडी. असा व्यवहार आम्हा तिघांपैकी कोणीच आधी केलेला नव्हता.

नाशिकला घ्यायच्या फ्लॅटसाठी साठवलेले पैसे मी त्यात घातले. निवृत्त झालो की इकामा संपणार आणि मला देश सोडावा लागणार. त्याआधी घर विकलं गेलं नाही, तर माझे पैसे दुसऱ्याच्या घराच्या भिंतींत राहणार होते. हे मी रोज रात्री स्वतःला सांगायचो, आणि त्या भीतीतच सगळं पुढचं घडलं.

ते घर रस्त्यावरून बघितलं तर मधोमध रेघ मारल्यासारखं होतं. पुढच्या अर्ध्या भागात पुरुष पाहुण्यांची मजलिस, तिचं दार रस्त्यावर. मागच्या अर्ध्यात घरच्यांच्या, बायकांच्या खोल्या, त्यांचं दार बाजूच्या बोळात. पुढची बाजू रिकामी होती. मागे अबू नासिरची म्हातारी आई राहत होती, आणि नवीन घर पुरं होईपर्यंत तिथेच राहणार होती. म्हणजे मागे मला पाऊल टाकता येणार नव्हतं.

पहिल्या दिवशी शर्फूभाई मजलिसमध्ये शिरले, हुंगत फिरले, टकटक करून झालं आणि म्हणाले, "साहेब, ह्या घराने थोबाडाला पावडर लावलीय. तब्येत बरी नाय त्याची."

मी टेप काढली. खोली, भिंती, छत, दिव्याचे पॉइंट, सगळं मोजलं. संध्याकाळी क्वार्टरवर बसून शीट केली: रंग, टाईल्स, वायरिंग, जिप्समचं छत, एसी. पुढच्या अर्ध्याचा आकडा आला. मागचा अर्धा मी बघितला नव्हता. पण घर दोन सारख्या भागांचं दिसत होतं. म्हणून मी त्या आकड्याला दोनाने गुणलं. वर दहा टक्के अडीअडचणीला. घर विकून येणार ते, वजा घराची किंमत, वजा दुरुस्ती, वजा दलाली. नफा छान दिसत होता.

शीट शर्फूभाईंना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "मागची बाजू आणि पुढची बाजू एक नाय, साहेब."

"बाहेरून तर सारखीच दिसते."

"बाहेरून मी पण तिशीचा दिसतो," ते केसांवरून हात फिरवत म्हणाले.

मग त्यांनी मागची बाजू बघायला आपल्या बायकोला पाठवलं. जुलेखाभाभी घरी शिवणकाम करत. गळ्यात कपड्याची टेप अडकवून त्या बोळातल्या दाराने आत गेल्या, म्हातारीबरोबर चहा प्यायल्या आणि दुपार संपता संपता बाहेर आल्या. गाडीत बसून त्यांनी शर्फूभाईंना काय सांगितलं, ते मला कधीच कळलं नाही. शर्फूभाईंच्या चेहऱ्यावरून हसू मात्र गेलं होतं.

"मागे जरा जास्त लागेल," एवढंच शर्फूभाई म्हणाले.

"किती जास्त? आणि कशाला?"

"लागेल तसं सांगतो."

एस्टिमेट करणाऱ्या माणसाला याहून वाईट उत्तर देता येत नाही.

काम सुरू झालं. म्हातारी सकाळी लेकीकडे जायची, तेवढ्यापुरती फक्त कामाच्या माणसांना मागे जायची मुभा होती, आणि दुपार उतरताना, अस्रच्या नमाजाच्या सुमारास, ती परतली की बोळातलं दार बंद. मी कारखान्यातून सुटून यायचो ते त्यानंतर. शुक्रवारी मला सुट्टी, तर शुक्रवारी त्यांचं सगळं कुटुंब तिथे जेवायला जमायचं. मला दिसायची फक्त मजलिस. आणि मजलिसमध्ये फारसं काही होत नव्हतं. रंगाचा एक हात, साधे दिवे. जिप्समच्या छताला शर्फूभाईंनी हातही लावला नव्हता. पैसे मात्र मी देत होतो.

"एसी कुठेत, शर्फूभाई?"

"मागे."

"टाईल्स?"

"मागे, साहेब."

"आणि ते पाइपचं बिल?"

"पाइप काय मी मजलिसमध्ये टांगू? मागेच की."

एका शुक्रवारी आमच्या मंडळींच्या जेवणात साठे नावाच्या पुण्याच्या इंजिनियरने सगळं ऐकून घेतलं. वरणभात कालवता कालवता तो म्हणाला, "म्हणजे तुमचे पैसे अशा जागी जातायत, जिथे तुम्ही कधी जाऊ शकत नाही. सोय चांगली आहे." सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मनातून जाईना.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भर दुपारी त्या घरी गेलो. म्हातारीला ताप होता, ती घरीच होती. मजूर पुढच्या पायरीवर बसून होते, आणि शर्फूभाई स्वतः उभे राहून एका पिकअपमध्ये टाईल्सचे खोके चढवून घेत होते. खोके घरात येत नव्हते, घरातून जात होते.

"हे कुठे चाललं?"

"बदलायला. निसरड्या निघाल्या," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरकडे वळून, "यल्ला, यल्ला, दुकान बंद होईल."

मी पिकअप वळेपर्यंत बघत राहिलो. टाईल निसरडी आहे की नाही हे हात लावला की दुकानातच कळतं. मग घेतल्याच कशाला? त्या दिवसापासून मी त्यांचं प्रत्येक वाक्य तपासून बघू लागलो. ते फोन घेऊन बाजूला गेले की मी घड्याळ बघायचो. महालातल्या न्हाणीघराची गोष्ट आठवायची, जर्मनी आठवायची. जो माणूस इतक्या सहज खोटं बोलतो, तो फक्त दुकानदारांशीच बोलत असेल कशावरून?

शेवटी मी त्यांना म्हटलं, "मला मागचे फोटो हवेत. मजुरांना सांगा, खोल्या रिकाम्या असताना काढतील."

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. आवाज चढला नाही, उलट उतरला. "नाय, साहेब."

"रिकाम्या खोल्यांचे फोटो. कोणी माणूस नको त्यात."

"तिचा पलंग हाय तिथे. तिचे कपडे हायत. दुसऱ्याची आई हाय ती. तुमच्या आईच्या खोलीचा फोटो मी माझ्या फोनमध्ये ठेवला तर चालेल?"

"माझे पैसे आहेत त्यात."

"पैसे तुमचे हायत. खोल्या नाय."

"मग तोंडी सांगा. काय काय केलंत ते."

त्यांनी मान हलवली. "ते पण नाय. बायकोने मला सांगितलं ते कामापुरतं. तुम्हाला पटत नसेल तर काम थांबवतो. पण घराच्या आतलं मी बाहेर बोलणार नाय."

त्या क्षणी माझी खात्री पटली. लपवायला काही नसतं तर माणूस दाखवतो, असं मला वाटलं. आपल्याकडे वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला दुसरं काही वाटण्याचं कारण नव्हतं. पण इतकी वर्षं मी त्या देशात काढली होती. मला दुसरं काही वाटायला हवं होतं.

मी अबू नासिरकडे गेलो. त्याच्या नव्या घराच्या अंगणात खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. मी म्हटलं, "शर्फू म्हणतो पैसे मागच्या बाजूला लागले. खरंच तिथे एवढं काम झालंय का? तुम्ही आईंना एकदा विचाराल?"

त्याने कहव्याचा पेला खाली ठेवला. "माझ्या आईच्या खोल्यांत काय आहे, काय नाही, यावर तुमचं दोघांचं बोलणं होतं?"

इथे मला सरळ बोलता आलं असतं. मी विचारतोय, तो बोलत नाही, म्हणूनच मी तुमच्याकडे आलो, हे खरं होतं. पण अबू नासिरचा चेहरा बघून मला माझ्या पैशांची भीती वाटली. घर त्याच्या नावावर, व्यवहार तोंडी. तो माझ्यावर रागावला तर मी कुठे जाणार होतो?

मी म्हटलं, "शर्फूच सांगत असतो."

तीन शब्द. हे लिहायलाच मी बसलो होतो.

अबू नासिरने तिथल्या तिथे फोन करून शर्फूभाईंना बोलावून घेतलं. ते आले, तोच इस्त्रीचा शर्ट, तेच अत्तर. अबू नासिर त्यांना अरबीत म्हणाला, की मुहंदिस म्हणतो, तू माझ्या आईच्या खोल्यांबद्दल बाहेर बोलतोस.

शर्फूभाईंनी माझ्याकडे बघितलं. नव्या घरात शिरल्यावर टकटक करून झालं की ते भिंतीकडे जसे बघत, तसे. मी पेल्यातल्या कहव्याकडे बघत होतो. ते बोलले असते तर मी खोटा ठरलो असतो, आणि माझे पैसे अबू नासिरच्या हातात होते, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, घराची किल्ली सोडवली, आणि मेजावर ठेवली.

"खलास," अबू नासिर म्हणाला.

राहिलेलं थोडं काम दुसऱ्या माणसाने केलं. नफ्यात शर्फूभाईंचा भाग उरला नाही. काही दिवसांनी अबू नासिरने त्यांची कफालत दुसऱ्याकडे जाऊ दिली, आणि ते जुलेखाभाभींना घेऊन दूर दक्षिणेला जिझानला गेले, असं कळलं. शुक्रवारच्या जेवणात साठेने विचारलं, "काय, खाल्ले ना शेवटी?" मी म्हटलं, "जाऊ दे आता." त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला, आणि मला तोच घेतलेला हवा होता.

घर विकलं गेलं, माझी मुदत संपायच्या जरा आधी. दलालाने मला सांगितलं कसं विकलं ते. घेणारा गृहस्थ मजलिसमध्ये बसून छताला नाकं मुरडत होता, किंमत पाडत होता. मग त्याची आई आणि बायको मागच्या दाराने आत गेल्या. बऱ्याच वेळाने घेणाऱ्याची आई काठी टेकत बाहेर आली आणि लेकाला म्हणाली, हेच घर. त्यानंतर घासाघीस झाली नाही.

अबू नासिरची आई नव्या घरी गेल्यावर, किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी, मी बोळातल्या दाराने आत गेलो.

दोन सारखे भाग नव्हतेच. मागे एका स्वयंपाकघराच्या जागी दोन होती, एक रोजचं आणि एक मोठ्या जेवणावळींचं. न्हाणीघरं माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. जुने सगळे पाइप काढून नवीन टाकलेले. पायऱ्यांच्या जागी हलका उतार, बाजूला धरायला दांडी. प्रत्येक खोलीत एसी. जमिनीवर खरखरीत टाईल्स होत्या. मी मोजे काढून त्यांवर उभा राहिलो. न्हाणीघरात नळ सोडून पाय ओले केले आणि परत उभा राहिलो. पाय घसरला नाही.

मी हिशेब परत केला, या वेळी डोळ्यांनी बघून. खाल्लेलं काही नव्हतं. चुकलेलं होतं ते दोनाने गुणणं. उलट, जे तिथे लागलेलं दिसत होतं, ते मी दिलेल्या पैशांत बसत नव्हतं. वरचा माल शर्फूभाईंनी दुकानांतून स्वतःच्या नावावर उधार घेतला असणार, नफ्यातून फिटेल या हिशेबाने.

मी दिवे बंद केले, दार ओढून घेतलं आणि माझा हिस्सा घेतला. शर्फूभाईंचा भाग अबू नासिरने आम्हा दोघांत वाटला होता. तोही घेतला. नाशिकचा फ्लॅट त्यातूनच झाला. मी हे त्याच फ्लॅटमध्ये बसून लिहितो आहे.

देश सोडण्याआधी कंपनीच्या एका शेवटच्या कामासाठी मला जिझानला जावं लागलं. तिथे मी त्यांचं घर शोधून काढलं. माफी मागायची ठरवून गेलो होतो. दाराशी ते स्वतःच आले. केसांची मेंदी गेली होती, केस पांढरे होते. शर्ट पांढरा, इस्त्रीचा. अत्तर नव्हतं.

"या, साहेब," ते म्हणाले, जणू मी काल भेटून गेलो होतो.

पुढच्या लहानशा खोलीत आम्ही बसलो. मधे पडदा, पलीकडे भांड्यांचा आवाज. मी आसपास बघितलं. एका भिंतीला ओल आली होती. दुसऱ्यांच्या घरांतली ओल काढणाऱ्या माणसाच्या भिंतीला.

"काम कसं चाललंय?"

"चाललंय. इथे पण घरं खोटं बोलतात." ते थोडे हसले. "राबिघच्या दुकानदारांचं फिटलं सगळं. आता बरं हाय."

मी शब्द जुळवत होतो. जे म्हणायला आलो होतो ते तोंडाशी येऊन थांबत होतं. पडद्याच्या खालून जुलेखाभाभींनी चहाचा ट्रे सरकवला. शर्फूभाईंनी तो उचलून माझ्यापुढे ठेवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मागची बाजू बघितलीत?"

"बघितली."

"मग?"

"चांगली झालीय, शर्फूभाई," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग पडद्याच्या दिशेने तोंड करून, जरा मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस काय? साहेब म्हणतात, मागची बाजू चांगली झालीय."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने भांडी पुन्हा वाजू लागली.

"चहा घ्या, साहेब," शर्फूभाई म्हणाले. "निवतोय."